पायाखालची नावं

बर्लिनमध्ये माझं जर्मन सुरू झालं ते एका मांजरापासून.

आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर दिव्याच्या खांबाला एक पाटी होती, हात पुरणार नाही इतक्या उंचीवर. एका बाजूला मांजराचं चित्र, सपाट आणि ठळक, अंकलिपीत असतं तसं. दुसऱ्या बाजूला दीड-दोन ओळींचा मजकूर. जरा पुढे गेलं की दुसरी पाटी, तिच्यावर पाव. आणखी पुढे पोहायची चड्डी. मला वाटलं, जवळपास बालवाडी असणार. पुण्यात जर्मनच्या दोन परीक्षा देऊन आले होते, पण दुकानात, बसमध्ये कानावर पडणारं काहीच लागत नव्हतं. निदान वाचायला तरी यावं म्हणून ठरवलं, रोज एक पाटी उतरवून घ्यायची आणि खोलीवर येऊन शब्दकोश उघडायचा. मांजर आपल्याकडे ‘ते’, इथे ‘ती’. लिंगं मात्र मराठीसारखी तीनच, याचा फार आधार वाटला होता.

मांजराच्या पाटीचा अर्थ लागला तो असा: ज्यूंना यापुढे पाळीव प्राणी बाळगता येणार नाहीत. खाली तारीख, १५ मे १९४२.

मी प्रत्येक शब्द पुन्हा काढून पाहिला. अर्थ बदलला नाही. ‘पाळीव प्राणी’ या शब्दापुढे मी वहीत ‘नपुंसकलिंग’ असं लिहून खाली रेघ मारली होती. ती वही अजून माझ्याकडे आहे, आणि ती रेघही.

मग बाकीच्या पाट्या. पावाच्या मागे लिहिलं होतं, बर्लिनमध्ये ज्यूंनी खाण्याच्या वस्तू फक्त दुपारी चार ते पाच या वेळात विकत घ्यायच्या. ४ जुलै १९४०. पोहायच्या चड्डीमागे, स्नानगृहांत आणि पोहण्याच्या तलावांत ज्यूंना प्रवेश नाही. ३ डिसेंबर १९३८. अशा एकूण ८० पाट्या त्या वस्तीत आहेत. रेनाटा श्टी आणि फ्रीडर श्नॉक या दोन कलावंतांनी १९९३ मध्ये त्या लावल्या. सुरुवातीला सोबत काही खुलासा नव्हता, तेव्हा घाबरलेल्या रहिवाशांनी पोलिसांना कळवलं होतं. कुणीतरी खरोखरच हे नाझींचे हुकूम पुन्हा लावतंय असं त्यांना वाटलं. मग खाली छोट्या पट्ट्या जोडल्या गेल्या, हे स्मारक आहे असं सांगणाऱ्या.

शाळेत आम्हाला दुसरं महायुद्ध होतं. ज्यूंच्या संहारावर एखादा परिच्छेद असेल, त्यात साठ लाख हा आकडा. तो आकडा मी पाठ केला होता आणि परीक्षेत बरोबर लिहिलाही होता. पण आधी पोहणं गेलं, मग पावाची वेळ गेली, मग मांजर गेलं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मांजर गेलं तोवर छावण्यांकडे नेणाऱ्या आगगाड्याही सुरू झाल्या होत्या. रोजच्या जगण्यातून एकेक वस्तू काढून घेत घेत माणसाला त्याच्याच गल्लीत परकं करता येतं, हे मला त्या खांबांनी शिकवलं. आणि मी तर त्या गल्लीत परकीच होते. फरक एवढाच की माझं परकेपण रोज थोडं थोडं कमी होत होतं.

मी तिथे पोचले २६ सप्टेंबर २०१५ ला, शनिवारी रात्री. दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी. पुण्यात लक्ष्मी रोडवर मिरवणूक लागलेली असणार, आमच्या कर्वेनगरच्या मंडळाचा गणपती सकाळीच निघालेला असणार, आणि मी एका चौथ्या मजल्यावरच्या खोलीत खिडकी उघडून उभी. खाली रस्त्यावर चिटपाखरू नाही. रविवारी इथे दुकानं बंद असतात हे ऐकलं होतं, पण एवढं मोठं शहर इतकं गप्प बसू शकतं याची कल्पना नव्हती. आईने डब्यात भाजणी आणि मेतकूट दिलं होतं. चुलीवर तवा नव्हता, पातेलं होतं. त्यातच मी मेतकूट-भात केला. घरून फोन आला तेव्हा मागे ढोल इतके जोरात वाजत होते की आईचं बोलणं ऐकू येईना, आणि मला ते ऐकू न येणंच हवंसं वाटत होतं. तासभर मी फोन नुसता कानाला लावून बसले.

पहिले दोन आठवडे कागदपत्रांत गेले. घराचा पत्ता नोंदवल्याशिवाय बँकेचं खातं नाही, खात्याशिवाय विमा अडतो, विम्याशिवाय विद्यापीठाचं ओळखपत्र नाही. हे सगळे विद्यार्थी सांगतात, मी अधिक काय सांगू. एकच सांगते. जर्मनमध्येही तू आणि तुम्ही आहे. खिडकीपलीकडची माझ्या आईच्या वयाची बाई मला तुम्ही म्हणाली, आडनावाने हाक मारली, आणि कागद उलटा धरून माझ्याकडे सरकवला, म्हणजे मला सरळ वाचता यावा. तेवीस वर्षांच्या मुलीला त्या वयाच्या बाईने तुम्ही म्हणणं आपल्याकडे घडत नाही. आधी ते लांब ठेवल्यासारखं वाटलं. हळूहळू कळलं, त्यात एक जागा दिलेली असते. इथे तुमचा एक माणूस म्हणून हिशोब आहे, एवढं त्यातून पोचतं.

शहर मी रिंगबानवरून पाहिलं. मुंबईच्या लोकलसारखीच ही एस-बान, फक्त गोल फिरणारी. २७ स्थानकं, साधारण ३७ किलोमीटर, एक फेरी बरोबर तासाभराची. एस-४१ घड्याळाच्या काट्याच्या दिशेने जाते, एस-४२ उलट. विद्यार्थ्यांच्या पासावर कितीही फिरता येतं. मी इन्सब्रुकर प्लात्झला बसायचे आणि नेहमी एस-४१ पकडायचे, कारण ती उजवी घालते. नव्या गावात गेलं की आजी आधी देवळाला प्रदक्षिणा घालायची, मग बाकीचं. पश्चिमेला जुनी दगडी घरं, उत्तरेला कालवे आणि बंदर, वेडिंगला तुर्की दुकानांच्या पाट्या, मग पूर्वेच्या रुंद रस्त्यांवरच्या एकसारख्या इमारती. १९६१ मध्ये भिंत आली तेव्हा हे वर्तुळ तुटलं, आणि पूर्ण जुळायला २००२ उजाडलं. भिंत पडून तेव्हा तेरा वर्षं झाली होती. रूळ जोडायलासुद्धा इतका वेळ लागतो, हे डब्यात बसून मनात यायचं.

हेर्मानश्ट्रासे सोडलं की उजव्या हाताला एकदम आभाळ मोकळं होतं. ते टेंपलहोफचं मैदान. विमानतळ २००८ मध्ये बंद झाला, २०१० पासून लोकांना फिरायला खुला, आणि २०१४ मध्ये बर्लिनकरांनी मतदान करून तिथे बांधकाम होऊ दिलं नाही. तीनशे हेक्टरांहून मोठी मोकळी जमीन, ऐन शहरात. धावपट्टीवर मुलं सायकली शिकतात, पतंग उडतात. त्या ऑक्टोबरच्या शेवटी तिथल्या विमानांच्या शेडमध्ये निर्वासितांची सोय केली गेली, सिरियातून, इराकमधून, अफगाणिस्तानातून आलेले लोक. मी एका दुपारी गेले तेव्हा कुंपणाजवळ एक माणूस लहान मुलीला अंक शिकवत होता. आइन्स, त्स्वाय, द्राय. त्याचे उच्चार माझ्यासारखेच चुकत होते. माझ्या पिशवीत शिक्के मारलेल्या कागदांची फाइल होती. तो आणि मी एकाच महिन्यात त्या शहरात आलो होतो. त्यापुढे त्याचं आणि माझं काहीच एकसारखं नव्हतं, आणि ते मला त्या क्षणी नीट दिसलं. मी तिथे फार वेळ थांबू शकले नाही.

आता दाह्लेमबद्दल.

माझं विद्यापीठ तिथे. बायरिशर प्लात्झवरून भुयारी रेल्वेची ऊ-७, फेरबेलिनर प्लात्झला बदलून ऊ-३, आणि थीलप्लात्झला उतरायचं. वाटेत दाह्लेम-डोर्फ नावाचं स्थानक लागतं, चक्क गवताने शाकारलेल्या छपराचं. थीलप्लात्झच्या आसपास झाडी, शांत बंगले. त्यातली एक गल्ली इह्नेश्ट्रासे. बावीस नंबरच्या इमारतीत राज्यशास्त्राचे वर्ग भरतात. दाराशी एक फलक आहे, १९८८ मध्ये लावलेला. ही वास्तू म्हणजे १९२७ मध्ये स्थापन झालेली मानववंशशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजननाची कैझर विल्हेल्म संस्था. औशवित्झच्या छळछावणीतून माणसांचे अवयव आणि रक्ताचे नमुने जिथे पाठवले गेले, ती.

मी कर्वेनगरची. कर्वे रोडवरून लाखो वेळा गेलेली. त्या फलकासमोर मी उभी होते आणि माझ्याच वर्गातल्या एका ब्राझीलच्या मुलाने मला विचारलं, तुमच्याकडची एक बाई इथे शिकायला होती ना? मला माहीत नव्हतं. इरावती कर्वे मला माहीत होत्या त्या डेक्कन कॉलेजच्या, महाभारतावर लिहिणाऱ्या, पुण्यात स्कूटर चालवणाऱ्या. महर्षी कर्व्यांच्या सूनबाई. बर्लिनचा उल्लेख कुठेतरी वाचला असेल, पण बर्लिन म्हणजे नुसता एक शब्द होता. ही पायरी, हे दार नव्हतं.

त्या १९२७ मध्ये आल्या, एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी, आणि १९३० मध्ये डॉक्टरेट घेऊन परतल्या. मार्गदर्शक होते संस्थेचे प्रमुख ऑयगन फिशर. प्रश्न असा होता की माणसाच्या कवटीची डावी-उजवी बाजू सारखी नसते, तर या असमानतेचा वंशाशी काही संबंध आहे का. युरोपीय कवटी निराळी निघावी, तिच्यातून युरोपीय बुद्धीचं श्रेष्ठत्व दिसावं, अशी फिशर यांची अटकळ होती. इरावतीबाईंनी युरोपीय आणि बिगरयुरोपीय कवट्या एकेक करून मोजल्या, आणि असा काही वांशिक फरक निघत नाही असं लिहून दिलं. परक्या देशात, परक्या भाषेत, ज्याच्या सहीवर पदवी अवलंबून आहे त्याच माणसाला.

या गोष्टीचा मला अभिमान आहे, आणि त्या अभिमानात एक बोचणीही आहे. त्या कवट्या कुणाच्या होत्या? त्यांतल्या अनेक जर्मन वसाहतींतून, आफ्रिकेतून आणलेल्या. कुणाची तरी आजी, कुणाचा तरी मुलगा. विद्यार्थिनी म्हणून त्या खोलीत बसून त्या हातात घेताना इरावतीबाईंना काय वाटलं असेल, हा प्रश्न मी अनेक दिवस घोळवत होते. इह्नेश्ट्रासेवरून वर्गात जाताना, येताना. त्याच्या आदल्या वर्षी, २०१४ मध्ये, जवळच ग्रंथालयाच्या आवारात खोदकाम करताना मानवी हाडं सापडली होती. पुढे आणखी सापडत गेली, हजारो तुकडे. मार्च २०२३ मध्ये ती दाह्लेमच्या दफनभूमीत पुरली. कुठल्या वंशाची, कुठल्या देशाची हे शोधायला आणखी चाचण्या करायच्या नाहीत असं ठरलं. एकदा या माणसांची वर्गवारी झाली, ती पुन्हा आपल्या हातून नको. ही बातमी मी पुण्यात वाचली, स्वयंपाकघरात उभ्याने, आणि ग्रंथालयासमोरच्या ज्या हिरवळीवर डबा उघडून बसायचे ती जागा जशीच्या तशी डोळ्यांसमोर आली.

ऑक्टोबर उलटला. शेवटच्या रविवारी घड्याळं तासाभराने मागे गेली आणि घर साडेतीन तासांऐवजी साडेचार तास लांब झालं. चारच्या पुढे अंधारायला लागलं. वर्ग संपवून मी परत यायचे तेव्हा साडेचार झालेले असत, आणि वाटेत पाव घ्यायचे. काही दिवसांनी लक्षात आलं, ही तीच वेळ, चार ते पाच. पाव हातात घेऊन मी त्या पाटीखालून जायचे. वेळ बदलून पाहिली, पण मग पळवाट काढल्यासारखं वाटायला लागलं. तेव्हा पुन्हा त्याच वेळेला जाऊ लागले.

अंधार पडला की माणूस खाली बघून चालतो. पानं ओली, फरशी निसरडी. तशीच एकदा चालत असताना आमच्या शेजारच्या दारासमोर पायाखाली काहीतरी चकाकलं. दोन पितळी चौकोन, दगडांच्या फरसबंदीत बसवलेले, प्रत्येकी तळहाताएवढे, दहा सेंटिमीटर. वर ठोकून उमटवलेली अक्षरं: इथे राहत होती. मग नाव, जन्मसाल, कधी नेलं, कुठे मारलं. एक बाई, १८७१ ची, १९४२ मध्ये टेरेझियेनश्टाटच्या छावणीत. एक मुलगी, १९३५ ची, १९४३ मध्ये औशवित्झला.

माझा उजवा पाय त्या बाईच्या नावावर होता.

मी झटकन बाजूला झाले आणि हात आपोआप खाली गेला, बोटं नावाला लावून छातीकडे. पुस्तकाला पाय लागला की करतो तसं. रस्त्यावर कुणी नव्हतं. असतं तरी मी तेच केलं असतं.

या दगडांना श्टोल्परश्टाइन म्हणतात, ठेच लागणारा दगड. गुंटर डेमनिग या कलावंताने १९९२ मध्ये हे काम सुरू केलं. माणसाने स्वतः निवडलेल्या त्याच्या शेवटच्या राहत्या घरासमोर दगड बसवायचा. बर्लिनमध्ये आज असे दहा हजारांहून जास्त आहेत, युरोपभर एक लाखाच्या वर. पण माझ्या पायाला जे टोचलं ते मला एकटीलाच टोचलं नव्हतं. म्युनिक शहराने सार्वजनिक रस्त्यांवर हे दगड बसवू दिलेले नाहीत. तिथल्या ज्यू समाजाच्या अध्यक्ष शार्लोट क्नोब्लोख, ज्या स्वतः लहानपणी लपून वाचल्या, त्यांचं म्हणणं असं की मेलेल्यांची नावं पुन्हा पायदळी जाऊ नयेत. मी बर्लिनला पोचायच्या दोन महिने आधीच, जुलै २०१५ मध्ये, तिथल्या नगर परिषदेने ती बंदी कायम केली होती. दगड बसवणारे म्हणतात, नाव वाचायला माणसाला वाकावंच लागतं. मला दोन्ही पटतं. पाय लागू नये हेही, आणि वाकायला लागावं हेही. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा असं आपण म्हणतो. इथे पुढच्याला जे लागलं त्याला ठेच म्हणवत नाही, आणि मागचा शहाणा झाला की नाही, हे टेंपलहोफच्या कुंपणाजवळून आल्यावर मला सांगता येईना.

९ नोव्हेंबर त्या वर्षी सोमवारी आला. १९३८ मध्ये याच रात्री जर्मनीभर सिनेगॉग जाळले, ज्यूंची दुकानं फोडली. आमच्या पंचांगात त्या दिवशी धनत्रयोदशी होती.

दुपारी परत येताना शेजारच्या दारासमोर एक म्हातारी बाई गुडघ्याखाली उशी घेऊन बसली होती. बाजूला बादली, हातात स्पंज. पितळ घासत होती. त्या रात्रीच्या आठवणीत लोक आपापल्या गल्लीतले दगड असे उजळतात, हे मला माहीत नव्हतं. दिवाळीआधी आजी चिंचेच्या कोळाने समई घासायची, तोच हात, तसाच गोल गोल. मी जवळ गेले. माझ्या तोडक्या जर्मनमध्ये म्हणाले, तुम्ही थकला असाल, मी करू? तिने मला तुम्ही म्हणूनच उत्तर दिलं, आणि स्पंज दिला. मुलीचा दगड तिचा घासून झाला होता. बाईचा मी घासला. खाचांतला काळपटपणा निघायला वेळ लागला. ती उभी राहून बघत होती, मध्येच म्हणाली, कडेला, कडेला राहिलं. आजीसारखीच.

खोलीवर आले तेव्हा साडेचार होऊन गेले होते. डब्यात कणीक होती. आज संध्याकाळी घरोघरी दाराबाहेर कणकेचा दिवा लावतात, दक्षिणेकडे तोंड करून, यमासाठी. घरातल्या कुणाला अकाली मरण येऊ नये म्हणून. मी चिमूटभर हळद घालून कणीक मळली, दिवा केला, कापसाची वात वळली. तिळाचं तेल तुर्की दुकानातून आणलेलं होतं. मग आजीला फोन लावला. तिकडे नऊ वाजून गेले होते, ती झोपायच्या बेतात होती.

“आजी, यमाचा दिवा दुसऱ्याच्या दारात लावला तर चालतो का गं?”

“कुणाच्या दारात?”

मी सांगितलं. पहिल्यांदाच सगळं सांगितलं, मांजरापासून. आजी मध्ये काही बोलली नाही. मग म्हणाली, “वय काय होतं तिचं?”

“एकाहत्तर. आणि दुसरी आठ वर्षांची.”

“म्हणजे माझ्याहून तीन वर्षांनी लहान,” आजी म्हणाली. “नाव काय?”

मी नाव वाचलं. तिने ते म्हणून पाहिलं, जमेना. मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्या वेळी तिला बरंचसं जमलं. मग मुलीचं नाव विचारलं, तेही म्हणून घेतलं, दोनदा.

“वारा आहे का तिकडे?”

“आहे.”

“मग भिंतीच्या आडोशाला ठेव. आणि दोन कर.”

मी पुन्हा कणीक भिजवायला घेतली.